सरकारला माहीत होतं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो नावाची काउंटी आहे. तिथल्या समाजसेवा विभागाकडे एका लहान मुलाची फाइल होती. बाप त्याला मारतो, ही खबर पहिल्यांदा जानेवारी १९८२ मध्ये पोहोचली. वर्षभरानं मूल जखमी होऊन रुग्णालयात आलं. डॉक्टरांना संशय आला, त्यांनी विभागाला कळवलं आणि न्यायालयानं मुलाचा ताबा तात्पुरता रुग्णालयाकडे दिला. तीन दिवसांनी तज्ज्ञांचा गट बसला. पुरावा पुरेसा नाही, असं ठरलं आणि मूल परत बापाकडे गेलं. महिनाभरात ते पुन्हा रुग्णालयात होतं. त्यानंतरचे सहा महिने विभागाची कार्यकर्ती दर महिन्याला घरी जात होती. मुलाच्या डोक्यावरच्या जखमा तिनं पाहिल्या आणि नीट लिहून ठेवल्या. नोव्हेंबरात पुन्हा रुग्णालय. पुढच्या दोन भेटींत तिला दारातच सांगितलं गेलं, की मूल आजारी आहे, भेटता येणार नाही. ती परत फिरली. मार्च १९८४ मध्ये बापानं त्या चार वर्षांच्या मुलाला इतकं मारलं, की तो कोमात गेला. जीव वाचला, पण मेंदू कायमचा अधू झाला.

आपलं काम न करणाऱ्या विभागाची ही गोष्ट असती तर ती सोपी होती. इथे विभाग काम करत होता. भेटी होत होत्या, नोंदी होत होत्या, बैठकाही झाल्या. मुलाच्या आईनं पुढे खटला भरला, तेव्हा तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा होता तो याच विभागानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या नोंदींचा.

२२ फेब्रुवारी १९८९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की राज्याची जबाबदारी नाही. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी बहुमताच्या वतीनं लिहिलं, की राज्यानं स्वतः कुणाच्या जिवाला धक्का लावू नये, एवढंच राज्यघटना सांगते. खासगी माणसाच्या हिंसेपासून वाचवण्याची हमी ती देत नाही. मूल राज्याच्या कोठडीत किंवा संस्थेत असतं तर गोष्ट वेगळी होती. ते बापाच्या घरी होतं.

मला या निकालातलं अल्पमत महत्त्वाचं वाटतं. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा असा होता, की राज्यानं बालसंरक्षणाचा विभाग काढला तेव्हाच त्यानं बाकी सगळ्यांना एक दार दाखवून दिलं. शेजारी, डॉक्टर, पोलीस, नातेवाईक, ज्याला म्हणून शंका येईल त्यानं तिथे कळवायचं आणि पुढचं विभाग बघेल. कळवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. तो बाजूला होतो. अशा वेळी विभागानंही काही केलं नाही, तर ते मूल विभाग नसतानापेक्षा जास्त एकटं पडतं, कारण मदतीला येऊ शकणारी माणसं त्या विभागाच्या भरवशावर थांबलेली असतात.

सरकारच्या उत्तरदायित्वाचा पाया मला इथे दिसतो. घराघरात काय चाललंय ते सगळं सरकारला कळावं, अशी अपेक्षा कुणीच करत नाही, करूही नये. पण खबर पोहोचली, नोंद झाली, की त्या क्षणापासून हा प्रश्न त्या घरापुरता राहत नाही. तेव्हापासून सरकार काय करतं आणि काय करत नाही, या दोन्हींचा जाब न्यायालयात मागता आला पाहिजे. आणि तो जाब दारातून परतलेल्या त्या एका कार्यकर्तीपाशी थांबता कामा नये. ‘मूल भेटलं नाही’ ही नोंद वाचूनही जो वरिष्ठ हलला नाही त्याच्यापर्यंत, आणि तिच्याकडे किती मुलांची जबाबदारी सोपवायची हे ज्यानं ठरवलं त्याच्यापर्यंत तो गेला पाहिजे.

१९८९ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार स्वीकारला. आईवडिलांच्या ताब्यात असलेल्या मुलालाही हिंसेपासून आणि हेळसांडीपासून वाचवणं हे राज्याचं काम आहे, असं त्याचं १९ वं कलम स्पष्ट सांगतं. विस्कॉन्सिनच्या मुलाला जे नाकारलं गेलं, नेमकं ते त्यात लिहिलेलं आहे. अमेरिकेनं या करारावर सही केली, पण त्याला मंजुरी आजवर दिलेली नाही.

इंग्लंडमधली चार भावंडांची गोष्ट याच वळणानं सुरू झाली आणि वेगळ्या ठिकाणी पोहोचली. ऑक्टोबर १९८७ मध्ये एका आरोग्यसेविकेनं या कुटुंबाबद्दल पहिल्यांदा कळवलं. पुढची साडेचार वर्षं मुलं घाणीत राहिली, खोलीत कोंडली गेली, भुकेपोटी शाळेच्या कचरापेटीतलं अन्न उचलून खात राहिली. शाळेनं कळवलं, शेजाऱ्यांनी कळवलं, बैठका झाल्या. जून १९९२ मध्ये आईनंच सांगितलं, की मुलांना घेऊन जा, नाहीतर माझ्या हातून त्यांना मार बसेल. तेव्हा कुठे मुलं बाहेर निघाली. पुढे भरपाईचा दावा झाला. १९९५ मध्ये लॉर्ड्स सभागृहानं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, तो फेटाळला. कारण दिलं गेलं, की हे काम नाजूक आहे, अनेक खाती मिळून ते करतात, आणि दाव्यांची टांगती तलवार राहिली तर कर्मचारी मुलांपेक्षा स्वतःला सांभाळत बसतील. मुलं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. १० मे २००१ रोजी त्या न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, या मुलांनी जे सोसलं ती अमानुष वागणूक होती आणि ती थांबवण्यात राज्य अपयशी ठरलं. दोन, त्यांना दाद मागायला देशात परिणामकारक मार्गच नव्हता, आणि हेही हक्काचं उल्लंघन आहे.

यातलं दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. मूल मोठं झाल्यावर ‘तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही आला का नाहीत’ असं विचारू शकेल अशी जागा नसणं, हाच एक स्वतंत्र अन्याय आहे. ब्रिटनमध्ये या निकालानंतर वाट थोडी मोकळी झाली होती. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा अरुंद केली. एखाद्या परिषदेनं, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेनं, मुलाची चौकशी केली, त्याच्यावर लक्ष ठेवलं, एवढ्यानंच तिनं त्याची जबाबदारी अंगावर घेतली असं होत नाही, असं त्या न्यायालयानं ठरवलं. मानवी हक्क कायद्याखालचा मार्ग तिथे शिल्लक आहे. तरीही लक्ष ठेवणं आणि जबाबदारी घेणं यांची अशी फारकत मला पटत नाही. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर घरी येऊन वहीत लिहून जाणारी बाई हेच त्याला दिसणारं सरकार असतं.

कर्मचारी बचावाच्या पवित्र्यात जातील, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. तसं खरोखर घडतं. फक्त ते कशामुळे घडतं, हे नीट पाहायला हवं. लंडनच्या हॅरिंगे भागात ऑगस्ट २००७ मध्ये सतरा महिन्यांचं एक बाळ घरातल्या छळानं मेलं. समाजसेवा, रुग्णालय, पोलीस या सगळ्यांचा त्या घराशी साठाहून अधिक वेळा संबंध आला होता. वर्षभरानं आरोपींचा निकाल लागला आणि वर्तमानपत्रांनी रान उठवलं. १ डिसेंबर २००८ रोजी मंत्र्यांनी थेट प्रक्षेपित झालेल्या पत्रकार परिषदेत तिथल्या बालसेवा संचालिकेला पदावरून हटवल्याचं जाहीर केलं. पुढच्या महिन्यांत इंग्लंडभर मुलांना घरातून काढण्यासाठी न्यायालयात येणारे अर्ज झपाट्यानं वाढले. धडकी भरलेल्या यंत्रणेनं स्वतःच्या बचावाचा मार्ग धरला होता. २०११ मध्ये अपील न्यायालयानं ती हकालपट्टी बेकायदा ठरवली, कारण तिचं म्हणणं न्याय्य रीतीनं ऐकून घेतलेलं नव्हतं. उत्तरदायित्वाचा अर्थ ‘कुणाचं तरी डोकं उडालंच पाहिजे’ असा होत नाही, असं न्यायालयानं तेव्हा लिहून ठेवलं.

म्हणजे भीती पसरली ती भरपाईच्या दाव्यामुळे नव्हे. एका माणसाला सगळ्यांसमोर उभं करून शिक्षा दिली गेली, त्यामुळे ती पसरली. दावा संस्थेवर असेल, पैसे संस्थेनं द्यायचे असतील आणि निकालपत्रात संस्थेचे निर्णय तपासले जाणार असतील, तर खालच्या कर्मचाऱ्याला खरं बोलायला उलट आधार मिळतो. ‘माझ्याकडे इतकी मुलं होती, मी तीनदा लिहून कळवलं होतं’ हे सांगण्याची सोय निलंबनाच्या नोटिशीत नसते. साक्षीच्या पिंजऱ्यात असते.

हॅरिंगेतल्या घटनेत आणखी एक गोष्ट मनाला लागते. सात वर्षं आधी, फेब्रुवारी २००० मध्ये, आठ वर्षांच्या एका मुलीचा छळानं मृत्यू झाला होता आणि तिच्या बाबतीत कमी पडलेल्या यंत्रणांमध्ये हीच परिषद होती. तिच्या शरीरावर १२८ जखमा मोजल्या गेल्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. निदान बारा वेळा यंत्रणांना तिला वाचवण्याची संधी होती, असं त्यांनी दाखवून दिलं आणि १०८ शिफारशी केल्या. सगळ्यात मोठं अपयश त्यांनी वरिष्ठांच्या पदरात घातलं. सेवेला पुरेसा पैसा आणि पुरेशी माणसं आहेत की नाहीत हे पाहणं ज्यांचं काम होतं, ते वरिष्ठ. अहवाल स्पष्ट होता, नवा कायदाही झाला, तरी सार्वजनिक रोष प्रत्येक वेळी घरी जाऊन आलेल्या बाईवर किंवा फार तर एका संचालिकेवर येऊन थांबला. पैसा आणि पदं ठरवणाऱ्या खुर्च्यांपर्यंत तो गेला नाही.

पैशापर्यंत पोहोचलेला एक निकाल आहे आणि बालसंरक्षणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा असं मला वाटतं. कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या वतीनं दोन संघटनांनी २००७ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. राखीव वस्त्यांवरच्या बालसेवांना केंद्र सरकार कमी पैसे देतं आणि हा भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणानं ते मान्य केलं. निधीचं सूत्रच कसं वाकडं होतं, ते या निकालात उलगडून दाखवलेलं आहे. मूल घरातून काढून संस्थेत किंवा पालक-कुटुंबात ठेवलं, तर त्याचा खर्च भरून मिळायचा. तेच मूल घरी सुरक्षित राहावं म्हणून कुटुंबाला हात द्यायचा, तर त्याचा निधी ठरीव आणि तुटपुंजा. म्हणजे कार्यकर्तीनं घरात पाऊल टाकण्याआधीच अंदाजपत्रकानं निर्णय घेऊन टाकलेला असे. पुढे सरकारनं वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, न्यायाधिकरणाला एकामागून एक आदेश काढावे लागले. शेवटी २०२३ मध्ये २३ अब्ज डॉलरहून मोठ्या भरपाईच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. एवढी रक्कम मुलांच्या सेवांवर खर्च झाली असती तर, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे, की ती वेळेवर खर्च केली नाही म्हणूनच ती द्यावी लागली.

मुलाला चुकीनं उचलून नेणं हेसुद्धा तितकंच मोठं अपयश आहे आणि त्याचाही जाब मागता आला पाहिजे. नेदरलँड्समध्ये कर खात्यानं बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका ठेवला आणि भत्त्याची सगळी रक्कम परत मागितली. कुटुंबं कर्जात बुडाली, संसार मोडले. फटका बसलेल्या या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुलं घराबाहेर ठेवली गेल्याचं पुढे आकडेवारीतून दिसलं. एका सरकारी खात्यानं घर खिळखिळं करायचं आणि दुसऱ्यानं येऊन ‘हे घर मुलासाठी योग्य नाही’ अशी नोंद करायची. १५ जानेवारी २०२१ रोजी अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि पुढच्या सरकारचे पंतप्रधान तेच होते. राजीनाम्याला मी कमी लेखत नाही. पण त्यातून एकही मूल घरी आलं नाही. ते यावं, यासाठी प्रत्येक प्रकरण पुन्हा उघडून तपासण्याचा हक्क त्या आईबापांच्या हाती असायला हवा होता.

भारतातलं, बिहारच्या मुजफ्फरपूरचं प्रकरण या सगळ्यात सर्वांत काळंकुट्ट आहे, कारण तिथे मुली घरात नव्हत्या. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या बालिकागृहात होत्या, म्हणजे पूर्णपणे सरकारच्या भरवशावर. त्या गृहाची तपासणी होत होती. समित्या जात होत्या, शेरे लिहिले जात होते. आत मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते, ते बाहेर आलं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटानं बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं तेव्हा. बाहेरची माणसं आली, मुलींशी बोलली, आणि मुली बोलल्या. २०१८ च्या मे महिन्याअखेर गुन्हा नोंदवला गेला. खटला दिल्लीला हलवावा लागला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत संस्थाचालक होता, जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी होता, बालकल्याण समितीचा माजी अध्यक्षही होता. मुलीनं ज्याच्याकडे तक्रार करायची, असं कायदा सांगतो, तीच माणसं गुन्हेगारांच्या रांगेत उभी होती. राज्यातल्या इतर निवारागृहांबद्दलच्या तक्रारी पोलिसांनी सौम्य कलमं लावून पातळ केल्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१८ मध्ये बिहार सरकारला खडे बोल सुनावले आणि ती प्रकरणंही सीबीआयकडे सोपवली.

इथे फौजदारी न्याय झाला. तो व्हायलाच हवा होता. पण वर्षानुवर्षं निधीचे हप्ते सोडणाऱ्या, तपासणीचे शेरे फायलीला लावणाऱ्या खात्याचं काय? ज्या सहीनं पैसे गेले, त्या सहीआधी कुणी कुठल्या मुलीला एकटीला बसवून काही विचारलं होतं का? फौजदारी खटल्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे आरोपी माणूस असतो, व्यवस्था नसते.

भारतीय घटनेत यासाठी दार आहे. नीलाबती बेहेरा खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राज्याच्या ताब्यातल्या माणसाचा जगण्याचा हक्क पायदळी तुडवला गेला, तर सार्वभौमत्वाचं कवच पुढे करून राज्याला भरपाई टाळता येणार नाही. बालगृहातलं मूल राज्याच्या ताब्यातच असतं. हे तत्त्व त्याला सरळ लागू पडतं, आणि ते नेहमीच्या वापरात आलं पाहिजे. अडचण आहे ती मुळात माणसंच नसण्याची. बाल न्याय कायदा नीट राबवा, हे सांगण्यासाठी २००५ मध्ये दाखल झालेल्या संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की बालकल्याण समित्या, बाल न्याय मंडळं, राज्यांचे बालहक्क आयोग यांतली रिकामी पदं भरा. याचिका दाखल झाली तेव्हा सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर सज्ञान झालं होतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षांत काम करणारी बरीचशी माणसं आजही कंत्राटी आहेत. ज्याचं स्वतःचं काम दर वर्षी नव्या करारावर टांगलेलं आहे, त्यानं वरिष्ठाच्या मर्जीतल्या संस्थेविरुद्ध शेरा लिहावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? कोऱ्या शेऱ्याबद्दल त्याला बोलण्याआधी त्याच्या नेमणुकीचा करार ज्यानं मंजूर केला, त्याला विचारलं पाहिजे.

माझं मागणं फार अवघड नाही. मुलाबद्दल आलेली प्रत्येक खबर ठरावीक दिवसांत एका लेखी निर्णयापाशी पोहोचली पाहिजे. त्या निर्णयाखाली नाव, पद आणि कारण असावं, ‘काही करण्याची गरज नाही’ असा निर्णय असेल तरीही. मूल प्रत्यक्ष दिसलं नाही, ही नोंद आपोआप वरिष्ठाच्या टेबलावर गेली पाहिजे आणि चोवीस तासांत त्यानं काय केलं, ते तिथेच लिहिलं गेलं पाहिजे. एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त किती मुलं असावीत, हे कायद्यानंच ठरवावं. ती मर्यादा ओलांडून काम दिलं, तर पुढच्या अपयशाची पहिली जबाबदारी काम वाटणाऱ्याची. संस्थेची तपासणी तिला पैसे देणाऱ्या खात्यानं करू नये. आणि यंत्रणेला माहीत असलेलं मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर चौकशी खात्याबाहेरच्या माणसांनी करावी, मुलाची ओळख झाकून अहवाल छापावा, आणि प्रत्येक शिफारशीचं काय झालं हे मंत्र्यानं दर वर्षी विधिमंडळात लेखी सांगावं. लॅमिंग यांच्या १०८ शिफारशींनंतर चार वर्षांनी त्याच परिषदेच्या हद्दीत दुसरं मूल गेलं, एवढं एक उदाहरण या शेवटच्या मागणीला पुरेसं आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. मुलं लगेच बोलत नाहीत. कित्येक जण चाळिशी-पन्नाशीत बोलतात. न्यूझीलंडमध्ये अशा जुन्या छळाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानं जुलै २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात राज्याच्या किंवा धार्मिक संस्थांच्या देखरेखीत असलेल्या सुमारे साडेसहा लाख मुलं-माणसांपैकी दोन लाखांपर्यंत लोकांचा छळ झाला असावा, असा त्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याआधीची कित्येक वर्षं हीच माणसं दाद मागायला गेली, की सरकारी वकील मुदतीचा कायदा, म्हणजे ठरावीक वर्षांनंतर दावा करता येत नाही हा नियम, पुढे करत. अनेकांच्या नोंदी हरवल्या होत्या किंवा नष्ट केल्या गेल्या होत्या. ज्यांना मिळाल्या, त्यांना काळ्या पट्ट्या ओढलेली पानं मिळाली. बालपणीची फाइल मागायला आलेल्या प्रौढ माणसाला ती पूर्ण दाखवण्याची सक्ती कायद्यात हवी, आणि तो हयात असेपर्यंत ती नष्ट करण्याचा अधिकार कुठल्याही खात्याला नसावा. लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांसाठी दिवाणी मुदत काढून टाकण्याचं काम ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१५ मध्ये केलं, न्यू साउथ वेल्सनं २०१६ मध्ये केलं, मग बाकीच्या राज्यांनीही केलं. हेळसांड आणि मारहाणीसह सगळ्या प्रकारच्या छळासाठी हीच तरतूद इतर देशांत आणायला एका छोट्या दुरुस्ती विधेयकापेक्षा जास्त काही लागत नाही.